साथीची ओळ

संगीत नाटकाची जाहिरात वाचण्याची ज्याची त्याची एक रीत असते. कोणी प्रथम नाटकाचे नाव पाहतो, कोणी नटनट्यांची नावे चाळतो, आणि व्यवहारी गृहस्थ तिकिटाचा दर पाहून मगच वर वळतो. मला जाहिरात खालून वर वाचण्याची खोड आहे. अगदी तळाशी, छापखान्यातील सर्वांत बारीक टाइपात, एक ओळ असते : ऑर्गन अमुक, तबला तमुक. कागद अपुरा पडला की प्रथम गळते ती हीच ओळ. रंगभूषा राहते, प्रकाशयोजना राहते, सौजन्य म्हणून एखाद्या मिठाईवाल्याचे नावही राहते. पण ज्याच्या बोटांवर तीन अंकांतील पदांचा सारा भार, त्या मनुष्याची खुशाल गच्छंती होते. आणि मौज अशी की, याबद्दल प्रेक्षकांतून तक्रारीचे एक अक्षर निघत नाही.

ही खोड मला घरातूनच लागली. माझे एक चुलते आमच्या गावच्या उत्सवातील नाटकांना चाळीस वर्षे पेटीची साथ करीत. कोकणातले उत्सवी नाटक म्हणजे रात्री आरती आटोपल्यावर देवळापुढच्या मांडवात सुरू व्हावयाचे आणि पहाटेच्या भैरवीने संपावयाचे. नट सारे गावचेच; कोणी मुंबईहून रजा काढून आलेला, कोणी शाळामास्तर, कोणी दिवसभर कलमांच्या बागेत राबून तोंडाला रंग लावावयास बसलेला. तालमी जेमतेम आठ दिवसांच्या. अशा नाटकात सुभद्रा एका पट्टीत गावयास उठे आणि दुसऱ्याच पट्टीत स्थिरावे. कृष्णास दुसरी ओळ आठवत नसे. नारदाचे पाऊल तालाबाहेर पडे. काका पेटीमागे मान खाली घालून बसत आणि ही सारी पडझड सावरून घेत. सुभद्रेच्या मागोमाग त्यांचीही पट्टी बदले. कृष्णास ओळ आठवेपर्यंत तीच जागा ते दोनदा अशी फिरवून वाजवीत की, हा विस्तार तालमीतच ठरला असावा असे ऐकणाऱ्यास वाटे. दुसऱ्या दिवशी सारा गाव म्हणे, "काय कृष्ण गायला काल!" आणि सर्वांच्या आधी काकांची मान डोले.

एका वर्षी उत्सवाच्या हस्तपत्रकात त्यांचे नाव घालावयाचेच राहून गेले. काकूने दोन दिवस घर डोक्यावर घेतले. काका तिला शांतपणे म्हणाले, "पेटी फार वाजली असे कोणी म्हणाले का? नाही ना? मग काम ठीक झाले."

या उत्तरात विनय आहे, पण विनयाइतकेच शास्त्रही आहे. ते ज्याच्या वादनात पुरतेपणी उतरलेले दिसते, असा एक मनुष्य आमच्याच जिल्ह्याने महाराष्ट्रास दिला. गुहागरकडच्या अडूर गावी १९२५ साली जन्मलेले आणि १९९६ साली निवर्तलेले पंडित गोविंदराव पटवर्धन हे ते गृहस्थ. हे नाव वाचून ज्यांचा चेहरा उजळेल त्यांना या लेखाची गरज नाही. ज्यांना ते नवीन वाटेल, त्यांनीही गोविंदरावांची पेटी ऐकलेली असण्याचा पुष्कळ संभव आहे. फक्त आपण दुसऱ्याच कोणाला ऐकत आहो अशी त्यांची समजूत होती. छोटा गंधर्व, राम मराठे, वसंतराव देशपांडे, कुमार गंधर्व अशा गायकांच्या मागे बसून या माणसाने आपले आयुष्य वेचले.

साथ म्हणजे नेमके काय, हे समजून घेतल्यावाचून त्यांची थोरवी ध्यानात यावयाची नाही. पेटी हे वाद्य मुळात परके. एकोणिसाव्या शतकात ते युरोपातून इकडे आले. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी त्याचा पायांनी चालणारा भाता काढून हाताने चालणारा बसविला, तेव्हा ते आपल्या बैठकीत मांडी घालून बसण्याजोगे झाले. मराठी रंगभूमीने मात्र पायपेटीची आणि ऑर्गनची संगत सोडली नाही. ऑर्गनचा भाता पायांनी चालत असल्यामुळे दोन्ही हात मोकळे राहतात. शिवाय हातपेटी हवा बाहेर ढकलते, तर रंगभूमीवरचा ऑर्गन ती आत ओढून घेतो. त्यामुळे पेटीचा आवाज काहीसा टोकदार, तर ऑर्गनचा गोल आणि भरदार येतो. ध्वनिक्षेपक नव्हते त्या काळी शेवटच्या रांगेपर्यंत नटाला सुराचा आधार द्यावयाचा, तर असेच वाद्य हवे होते.

पण या वाद्यात एक जन्मजात व्यंग आहे. त्याचे सूर एकदा बसविले ते बसविले. गळ्याला एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येते, सूर किंचित चढवून वा उतरवून लावता येतो, तो हलविता येतो. पेटीच्या पट्ट्या म्हणजे जिन्याच्या पायऱ्या. मधल्या हवेत पाय ठेवावयास जागा नाही. जो सूर गायकाने खास ठेवणीतून काढून नाजूकपणे लावला, त्याच्यावर पेटीवाल्याने आपली ठोकळेबाज पट्टी दाबली की दोघांचेही वाटोळे झालेच म्हणून समजावे. तेव्हा चांगल्या साथीदाराची पहिली विद्या म्हणजे बोट कोठे ठेवू नये हे जाणणे. गायक मींड घेऊ लागला की तो तिच्या दोन टोकांचे सूर अलगद दाखवितो आणि मधली वाट गळ्यावर सोपवितो. नाजूक सूर आला की आवाज दबता ठेवून खालच्या षड्जाशी थांबतो. ऐकणाऱ्यास ती मींड पेटीतूनच निघाल्यासारखी वाटते. वास्तविक ती त्याच्या स्वतःच्या कानाने पुरी केलेली असते.

याशिवाय व्यवहाराच्या अडचणी आहेतच. बैठकीत गायक एक आणि त्याची पट्टीही एक. नाटकात तसे नाही. पुरुष नटाचा षड्ज काळी एक किंवा काळी दोन या पट्टीत असेल, तर नायिकेचा काळी चारमध्ये. आणि एकाच प्रवेशात दोघांची पदे पाठोपाठ येतात. षड्ज बदलला की साऱ्या रागाची बोटांखालील आकृती बदलते. एकीकडे ज्या सुरास पांढरी पट्टी होती त्यास दुसरीकडे काळी लागते. गद्य भाषण चालू असतानाच पुढच्या पदाचा सूर नटाच्या कानात असा सोडावा लागतो की भाषणास व्यत्यय येऊ नये आणि नटाने तोंड उघडताच सूर सापडावा. पुढे नट अंगविक्षेप करीत गातो, धापा टाकतो, 'वन्स मोअर' आला की चढून जाऊन नवीनच काही करू पाहतो. त्याच्या प्रत्येक श्वासाच्या जागी जी पोकळी पडते ती ऑर्गनने भरावयाची. परंतु ती अशी की पुढच्या ओळीस अंगण झाडून ठेवल्यासारखे व्हावे, कुंपण घातल्यासारखे होऊ नये.

आता ज्या चौघांची नावे वर घेतली, त्यांचा विचार करा. छोटा गंधर्वांचे गाणे लडिवाळ. पद शेकडो वेळा गाऊन झालेले असले तरी त्याच ओळीस आज नवीन वळण सुचेल आणि उद्या ते पुन्हा भेटणार नाही, अशी त्यांची तऱ्हा. राम मराठे हे जोरकस, लयीशी कुस्ती खेळणारे आणि तानांचा लोंढा सोडणारे. वसंतराव देशपांड्यांचा तर कोणत्या क्षणी कोठे उडी पडेल याचा भरवसा खुद्द त्यांनाच नसावा असे वाटे. आणि कुमार गंधर्व? त्यांच्या गाण्यात सुराइतकीच शांतता बोलते. लहान, धारदार तुकडा यावा, मग स्तब्धता, मग दुसराच कोन. एकापाशी जी साथ शोभेल ती दुसऱ्यापाशी केवळ अडथळा ठरेल. राम मराठ्यांच्या तानेमागे धावणारी बोटे कुमारांच्या स्तब्धतेत तशीच धावली तर मैफल मोडलीच. असे असूनही गोविंदराव या चौघांच्याही मागे आपल्या घरात बसावे तसे बसलेले ऐकू येतात.

जुन्या ध्वनिमुद्रणांवर कान देऊन बसले म्हणजे याची उकल होऊ लागते. तान ऐकून मग ती वाजविणे हे बहुतेक पेटीवाल्यांस साधते. ते गायकाच्या मागे अर्धे पाऊल चालतात. गोविंदरावांचे अंतर इतके कमी असते की, हा मनुष्य तान ऐकतो की ती सुचण्याची जागाच पाहतो, असा संशय यावा. याचा खुलासा मी तरी असा करतो : ते गायकाचा श्वास ऐकत असले पाहिजेत. किती श्वास घेतला यावरून तानेची लांबी समजते, समेपासून किती दूर आहो यावरून तिचा शेवट समजतो, आणि त्या गायकाचा स्वभाव वर्षानुवर्षे पाहिलेला असला म्हणजे मधल्या वळणांचाही अदमास येतो. आणि जेथे अदमास बांधता येत नाही तेथे ते बोट उचलून घेतात. त्या क्षणभराच्या न वाजविण्यात त्यांची सारी विद्वत्ता साठविलेली असे. पेटीचे एकलवादनही ते करीत आणि त्यात बोटांची तयारी काय होती हे लख्ख दिसते. जवळ इतकी संपत्ती असून ती दुसऱ्याच्या घरी दाखवावयाची नाही, हा संयम मला त्या तयारीहूनही दुर्मिळ वाटतो.

त्यांच्या वाद्याचे ग्रह मात्र फारसे बरे नव्हते. पेटीतून श्रुती निघत नाहीत, मींड निघत नाही, सबब हे वाद्य भारतीय संगीतास अपायकारक आहे, असा पक्ष विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रबळ झाला होता. रवींद्रनाथ ठाकुरांसारख्यांचेही मत पेटीच्या विरुद्ध पडले, आणि १९४० च्या मार्चपासून आकाशवाणीने तिला आपल्या दारातून बाहेर काढले. ही बंदी सैल होण्यास १९७१ साल उजाडले. म्हणजे पंधराव्या वर्षापासून सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत, गोविंदरावांच्या उमेदीचा सारा काळ, देशातील सर्वांत मोठे व्यासपीठ त्यांच्या वाद्यास बंद होते. टीकाकारांचे म्हणणे शास्त्रदृष्ट्या चूक होते असे म्हणता येणार नाही. परंतु वाद्याचे दोष मोजताना वाजविणाऱ्याचा कान त्यांनी हिशेबात धरला नाही. व्यंग ठाऊक असलेला मनुष्य ते झाकावयास शिकतो, आणि त्या झाकण्यातून एक नवीच कला निपजते. साथ ही अशा रीतीने निपजलेली कला आहे.

तबल्याचे नशीब त्या मानाने चांगले. गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांची साथ करणाऱ्या अहमदजान थिरकवांना पुढे १९७० साली पद्मभूषण मिळाले. तबल्याला स्वतःची घराणी आहेत, कायदे-रेले आहेत, एकट्याने मैफल जिंकण्याची परंपरा आहे. पेटीला असे माहेर नाही. गोविंदराव टेंबे पेटी अप्रतिम वाजवीत. पण लोकांच्या स्मरणात ते राहिले १९११ च्या 'मानापमाना'च्या चाली बांधणारे आणि 'माझा संगीत व्यासंग' लिहिणारे म्हणून. पेटीवाल्यास कीर्ती हवी असेल तर पेटीवरून उठावे, असाच जणू या व्यवहाराचा दंडक. दुसऱ्या गोविंदरावांनी तो मानला नाही. ते पेटीवरच बसून राहिले.

हा दंडक आपल्यापुरताच आहे असे समजण्याचे कारण नाही. अमेरिकेत असलेल्या माझ्या पुतण्याने मला तिकडच्या कृष्णवर्णीयांचे 'सोल' नावाचे संगीत ऐकविले आणि त्याबरोबर एक हकीकतही सांगितली. डेट्रॉइट शहरात १९५९ साली निघालेल्या मोटाऊन कंपनीच्या ध्वनिमुद्रिका जगभर खपल्या. गायकांची नावे घरोघर झाली. पण तळघरासारख्या एका खोलीत बसून दिवसरात्र वाद्ये वाजविणाऱ्या ताफ्याचे नाव वर्षानुवर्षे वेष्टनावर छापले गेले नाही. १९७१ साली मार्विन गे या गायकाच्या संचावर ते प्रथम आले. या ताफ्यात रॉबर्ट व्हाइट नावाचा गिटारवादक होता. १९६४ च्या 'माय गर्ल' या गीताच्या आरंभी गिटारवर चढत जाणारे सहा सूर त्याचे. मी ते ऐकले आणि दचकलो. तो चक्क आपल्या भूपाचा आरोह आहे : सा रे ग प ध आणि वरचा सा. इतक्या साध्या सहा सुरांनी ते गीत जगाच्या कानात कायमचे बसले. पुढे हा व्हाइट एकदा उपाहारगृहात बसला असता तेच गीत लागले, आणि 'हे मी वाजविले आहे' असे तो वाढप्यास सांगू लागला. पण वाक्य अर्ध्यावरच गिळून त्याने जेवण मागविले, असे सांगतात. आपल्यास हा पोऱ्या वेडा म्हातारा समजेल, अशी त्याला धास्ती वाटली. १९९४ साली तो वारला. त्या ताफ्याची कथा सांगणारा चित्रपट निघाला तो २००२ साली.

ही हकीकत ऐकल्यापासून काकांचे उत्तर मला पूर्वीइतके सरळ वाटत नाही. आपले अस्तित्व कोणाच्या ध्यानी येऊ नये, हे साथीदाराने आपल्या वादनापुरते म्हणावे. ते त्याचे ब्रीद आहे. परंतु त्याच ब्रीदाचा आधार घेऊन आपण त्याचे नाव गाळावे, बिदागी निम्मी करावी आणि वर त्याच्या निरिच्छपणाची वाखाणणी करावी, हा शुद्ध लबाडीचा व्यवहार होय. घरातील जी बाई सर्वांना वाढून मागाहून जेवते तिच्या त्यागाची स्तुती करणे सोपे असते. तिच्यासाठी भाकरी राखून ठेवणे, एवढेच काय ते बिकट. काका नावाविषयी उदासीन होते हे खरे. पण त्यांच्या मागे ती पेटी शिकावयास कोणी मुलगा बसला नाही, हेही तितकेच खरे. ज्या कामाचे नाव कोठे ऐकू येत नाही त्या कामाकडे मुलांचे लक्ष जावे तरी कसे? आज आमच्या गावी उत्सवात नाटक होते, पण संगीत नाटक होत नाही. गाणारे दोघे-तिघे अजून आहेत. सूर देणारा नाही.

रत्नागिरी शहरात मात्र अगदी निराश होण्याजोगी स्थिती नाही. येथल्या स्वातंत्र्यवीर सावरकर नाट्यगृहात शासनाच्या संगीत नाट्य स्पर्धेचे प्रयोग वर्षानुवर्षे झाले आहेत, 'खल्वायन'सारख्या संस्थेने संगीत नाटके नेटाने उभी केली आहेत, आणि त्या स्पर्धेच्या निकालात ऑर्गनच्या व तबल्याच्या साथीसही पारितोषिके मिळालेली पाहून मला व्यक्तिशः काही मिळाल्याइतका आनंद झाला आहे. वाद्याचा प्रश्न अवघड आहे. अमेरिकेतील एस्टे कंपनीचा ऑर्गनचा कारखाना १९६० सालीच बंद पडला. आपल्याकडचे पुष्कळसे ऑर्गन त्याच पिढीतले, कसरीशी आणि दमट हवेशी झगडत टिकलेले. जुन्या वाद्याचा भाता नव्याने मढविणारा, एकेक पितळी रीड घासून सुरात आणणारा कारागीर आता बोटांवर मोजण्याइतका उरला आहे. वीज लावली की ऑर्गनसारखा आवाज काढणारी यंत्रे सोयीची आहेत हे मान्य. पण पायाखालच्या भात्यावर आवाज कमीअधिक करून नटाचा श्वास सांभाळण्याची विद्या त्यांवर शिकता येत नाही, कारण त्यांना श्वासच नसतो.

रसिकांनी यात काय करावे, असे कोणी विचारील. पुतळे उभारावयाचे नाहीत की व्याख्यानमाला काढावयाची नाही. कुमार गंधर्वांचे किंवा वसंतरावांचे गोविंदराव साथीस असलेले एखादे ध्वनिमुद्रण काढावे आणि ते एकदा नेहमीप्रमाणे ऐकावे. मग तेच दुसऱ्यांदा लावून गायकाकडे मुद्दाम दुर्लक्ष करावे; तो जेथे थांबतो, श्वास घेतो, विचार करतो, तेवढ्याच जागा ऐकाव्या. आरंभी चुकल्याचुकल्यासारखे होईल. पण थोड्याच वेळात गाण्याच्या मागे दुसरे एक गाणे चालले असल्याचे जाणवू लागेल : मंद, सावध, सतत दुसऱ्याकडे कान लावून बसलेले. एकदा ते ऐकू आले म्हणजे पुन्हा ऐकू येईनासे होत नाही. आणि घरातील मुलाने "हे कोण गात आहे?" असे विचारले, तर गायकाचे नाव सांगून झाल्यावर तेथेच थांबू नये, पुढे "आणि पेटीवर गोविंदराव पटवर्धन" एवढे चार शब्द बोलावे. त्यास फार वेळ लागत नाही, आणि कागदही लागत नाही.